दंडावरचा घोडा

या प्रवासाबद्दल लिहायचे तर अंजनामामीचे नाव आधी घ्यावे लागेल. मी आज जो काही आहे तो तिच्यामुळे आहे. वरवट बकालला तिच्याच घरी मी वाढलो. आईवडील मला आठवत नाहीत, मामांचा चेहराही अंधुक आठवतो. मामी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जायची, मी शाळेत जायचो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. बी.एस्सी. झाल्याचे सांगायला गेलो तेव्हा तिने विचारले, "आता अजून किती राह्यलं?" संपले, असे म्हणालो तर तिला ते खरे वाटेना. मग तिने साऱ्या गल्लीत गूळ वाटला.

माझ्या डाव्या दंडावर एक गोंदण आहे. तेही मामीचेच काम. मी लहान असताना दारावर आलेल्या गोंदणारणीकडून तिने ते काढून घेतले. घोडा काढायला सांगितला होता, पण त्या बाईला तुळशीवृंदावन, विंचू, बाशिंग एवढेच येत असावे; घोड्याची शेळी झाली. वसतिगृहात मुले त्याला शेळीच म्हणत. मी त्यांना सांगायचो की तो खंडोबाचा घोडा आहे, नवसाचा. मलाही तसेच वाटायचे. तेव्हापासून मी पूर्ण बाहीचे सदरे घालतो.

पुण्यातल्या ज्या संस्थेत मी कामाला आहे तिथे धनुर्वातावरचे औषध तयार होते. गावाकडची माणसे मला नेहमी विचारतात की औषधासाठी घोडे कशाला, म्हणून आधीच सांगून टाकतो. धनुर्वातात माणूस मरतो तो जंतूने नव्हे, जंतूच्या विषाने. आम्ही ते विष बंद काचपात्रांत तयार करतो, त्याची धार बोथट करतो आणि घोड्याला टोचतो. आधी अगदी थोडे, मग जरा जास्त, मग आणखी. घोडा ते पचवत जातो आणि त्याच्या रक्तात त्या विषाला धरून निकामी करणारे द्रव्य तयार होते. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचे. ते निवले की वर पिवळसर पाणी सुटते, त्यात ते द्रव्य असते. शुद्ध करून बाटलीत भरले की झाले प्रतिविष. घोड्याने महिनोन्महिने कमावलेले ते जखमी माणसाला एका सुईत आयते मिळते. माणसाच्या स्वतःच्या रक्ताला हेच शिकवणारी दुसरी लस असते, पण तिला आठवडे लागतात. संस्थेत नुकतीच सगळ्यांना ती द्यायला सुरुवात झाली होती. माझी पहिली मात्रा झाली होती, पुढची परतल्यावर घ्यायची होती.

कारण मध्येच साहेबांनी मला बोलावले. तबेल्यातली काही जनावरे म्हातारी झाली होती. पशुवैद्यांनी बुलढाणा जिल्ह्यात दोन घोड्या तपासून ठरवल्या होत्या, एक साखरखेर्ड्याला आणि एक देऊळघाटला. साहेब म्हणाले, तुम्ही त्या बाजूचे, तुम्हाला तिकडची भाषा येते, तुम्हीच जा. मलकापूरला रेल्वेचा डबा सांगून ठेवलेला होता. तो ठरल्या दिवशी चुकला तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. मी मनात हिशेब केला: वेळेआधी मलकापूरला पोचलो तर तिथून रेल्वेने शेगावला जाऊन मामीला भेटून परत येता येईल.

साखरखेर्डा

सोबत गेनबा होते, आमच्या तबेल्याचे मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. माझ्या वडिलांच्या वयाचे, मावळातले. मला 'साहेब' म्हणायचे आणि ते म्हणताना हळूच हसायचे.

एस.टी.चा धुरळा अंगावर घेऊन आम्ही साखरखेर्ड्याला उतरलो तेव्हा पौषातली ऊन-थंडी होती. घोडीचे मालक दौलतराव, बऱ्यापैकी जमीनदार. गावावरून एस.टी. जाऊ लागली, मुलगा सायकलवरून फिरू लागला, आता घोडीवर बसायला घरात कोणी उरले नव्हते. आल्याबरोबर चहा आला. गेनबांनी पुण्याच्या रीतीप्रमाणे आधी नको म्हटले. पुण्यात नको म्हटले की यजमान पुन्हा विचारतो, मग आपण बरं म्हणतो. इथे कोणी पुन्हा विचारले नाही आणि कोणी ऐकलेही नाही. त्यांच्या बशीत चहा ओतला गेला होता. गेनबा मला म्हणाले, "हितली माणसं बहिरी हायती का प्रेमळ?"

बोलता बोलता माझीही जीभ वळली. पुण्यात मोठ्या कष्टाने कमावलेले 'मला' दुसऱ्या चहाला 'मले' झाले. गेनबा कौतुकाने ऐकत होते.

दौलतरावांच्या बायकोने मैनाच्या, म्हणजे घोडीच्या, खुरांवर पाणी घातले, कुंकू लावले आणि मला विचारले, "हिचं रगत काढता म्हणे तुमी?"

मी हो म्हणालो.

"मंग तिले काय भेटते?"

चारा, हरभरा, स्वच्छ तबेला, डॉक्टर, असे मी सांगू लागलो. बाईंनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे तं इथंबी होतं."

दौलतरावांनी हसून विषय बदलला.

घोडी हाती देताना मात्र अडले. दौलतराव म्हणाले, "घोडी तुमची, लगाम तुमचा. दावं आमचं." आमच्याकडे गुरे विकतानाही हीच रीत आहे, मला माहीत होती पण विसरलो होतो. जनावर जाते, दावे गोठ्यातच राहते. त्याच्यासोबत घराची बरकत जाऊ नये म्हणून. गेनबांनी आपला दोर काढला, पण मैना परक्या माणसाला जवळ येऊ देईना. कान मागे टाकून तिने दोनदा दात दाखवले. मी वऱ्हाडीत बोललो तेव्हा ती जरा थांबली. म्हणून दावे बदलायला मी आत गेलो.

तबेल्यात शिरले की मला शिंका येतात. संस्थेत येतात, इथेही आल्या. गेनबा नेहमी म्हणत, साहेबांचं न् घोड्यांचं पटत नाही, तरी संसार चालू आहे. शिंकता शिंकता मी नवा दोर मैनाच्या गळ्यात घातला, जुना सोडला, एक पाऊल मागे आलो, आणि चपलेतून काहीतरी सरळ तळव्यात घुसले.

जुन्या नालाचा खिळा होता. लिदीत दबलेला, गंजलेला. उपटून काढला तेव्हा रक्त फारसे आलेच नाही.

दुसऱ्या कोणाला त्याने बरे वाटले असते. मला माहीत होते की हा जंतू हवेत वाढत नाही. आम्ही त्याला वाढवतो तेव्हा हवा लागू नये म्हणून किती खटाटोप करतो. खोल, अरुंद भोक, वरून मिटलेले, आणि घोड्याची लीद, जिथे तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. तळव्यात माझ्या आता तसेच एक काचपात्र तयार झाले होते.

बाईंनी गरम पाणी दिले. मी साबणाने पाय धुतला, पुन्हा धुतला, भोक दाबून रक्त काढायचा प्रयत्न केला. हळद-चुन्याचा लेप त्यांनी आणला तो मी नको म्हटला. "काऊन? आमच्या हळदीत काय वाईट हाय?" असे त्या म्हणाल्या. मी सांगितले की हळद चांगलीच आहे, पण तोंड बुजायला नको. त्या बऱ्या मनाने लेप परत घेऊन गेल्या आणि जेवताना ताटात तूप जास्त वाढले.

ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, आंबाडीची भाजी. इतक्या दिवसांनी घरचे जेवण समोर आले होते आणि मी चव घेत नव्हतो, जबडा तपासत होतो. धनुर्वात आधी जबड्याला धरतो. एवढ्या लवकर काही होत नाही, दिवस लागतात, हे मला चांगले माहीत होते. तरी भाकरीचा कडक पापुद्रा मुद्दाम डाव्या दाढेखाली घेतला, मग उजव्या. गेनबा बघत होते. हात धुताना त्यांनी हळूच विचारले, "खिळा कितपत गेला?"

मी बोटाचे पेर दाखवले. त्यानंतर ते साहेब म्हणताना हसले नाहीत.

चिखली

सकाळी दौलतरावांनी आपली दमणी, बैलांची हलकी गाडी, जोडून दिली. मी दमणीत, मैना मागे बांधलेली, गेनबा तिच्या बाजूने चालत. दोन्ही बाजूंनी ज्वारीची कणसे भरलेली, कपाशीचा शेवटचा वेचा चालू. एका शेतात हुरडा भाजत होते. त्यांनी बैल थांबवायला लावून आमच्या ओंजळी भरल्या. कोणाचे कोण, काही विचारले नाही. गरम, दुधाळ हुरडा. तो चावायला जबडा लागत नाही, म्हणून मला तो उपयोगाचा वाटला नाही. माणूस घाबरला की असा होतो.

चिखलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिथे एका डॉक्टरांचा दवाखाना होता, अंगणात मोठे निंबाचे झाड. डॉक्टर पोक्त, अमरावतीकडचे, सावकाश बोलणारे. खिळ्याची हकीगत ऐकून त्यांनी लगेच जखम उघडून धुतली, पेनिसिलीन दिले आणि मग बर्फाच्या पेटीतून एक बाटली काढली. तिच्यावर आमच्या संस्थेचे लेबल होते.

मला फार अभिमान वाटला. पुण्याहून एवढ्या दूर, चिखलीच्या बर्फाच्या पेटीत आमची बाटली. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हे मीच तयार करतो. म्हणजे आम्ही."

"वा," ते म्हणाले. "मग तुम्हाला सांगायला नको. आधी कधी घेतलं आहे का?"

"नाही."

"थेंबभर टोचून अर्धा तास बघू या."

मी म्हणालो की अर्ध्या तासाची गरज नाही. रोज मी त्यातच हात घालून असतो, मला काही होत नाही. सूर्यास्ताच्या आत बुलढाण्याच्या वाटेला लागायचे होते, देऊळघाटची घोडी घ्यायची होती, डबा गाठायचा होता आणि मामीसाठी वाचवलेला वेळ जात होता. हे मी सगळे बोलून दाखवले. डॉक्टरांनी दाराकडे पाहिले. दाराशी रांग वाढत होती. अखेर ते म्हणाले, "तुम्ही त्यातलेच आहात म्हणून," आणि सिस्टरांना पूर्ण मात्रा भरायला सांगितले.

सिस्टरांनी माझी बाही वर सरकवली आणि हसल्या. "हे काय, शेळी का?"

दारातून गेनबा म्हणाले, "घोडा हाय त्यो. नीट बघा, शेपूट केवढी हाय." एवढे दिवस त्यांनी ते कधी पाहिले होते कोण जाणे.

मला लाज वाटली. लाज वाटली की मी फार बोलतो. मी सिस्टरांना सांगू लागलो की मामीने गोंदवून घेतला, मी लहान होतो, पायात बाभळीचा काटा गेला होता, त्या महिन्यात गावातला एक मुलगा धनुर्वाताने गेला होता म्हणून मामी घाबरली, मला कडेवर घेऊन शेगावच्या दवाखान्यात चालत गेली. मग बरा झालो म्हणून हा नवसाचा घोडा. मामी तर अशी भोळी की मी शिकायला बाहेर पडलो तेव्हा प्रत्येक वेळी एकच सांगायची, "कोनी सुई द्याले आला का पह्यले हा घोडा दाखवजो."

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि मी थांबलो.

डॉक्टरही थांबले होते. त्यांनी सिस्टरांच्या हातातली सिरिंज काढून घेऊन ताटलीत ठेवली.

"काट्यानंतर तुम्हाला काय झालं होतं?" त्यांनी विचारले. "सुई दिल्यावर. आठवतं काही?"

आठवत होते. काट्याचे नव्हे, खाजेचे आठवत होते. अंगभर पित्त उठलेले, गुडघे सुजलेले, आणि मामी निंबाच्या डहाळीने माझ्या पाठीवरून वारा घालते आहे. मी ते नेहमी काट्याचेच दुखणे समजत आलो होतो. ज्याने एकदा घोड्याचे औषध घेतले आहे आणि ज्याला ते मानवले नाही, त्याला पुन्हा पूर्ण मात्रा दिली तर काय होऊ शकते, ते मी नव्या मदतनिसांना स्वतः समजावून सांगतो. श्वास काही क्षणांत बंद होतो.

"त्या दवाखान्यात कोणीतरी तुमच्या मामीला नीट सांगितलं असणार," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या डॉक्टरला सांगा म्हणून. मामींनी सांगण्याची सोय करून ठेवली. आणि जागा पाहा कुठली निवडली." सुई जिथे टोचतात तिथेच तो घोडा होता.

मग त्यांनी कातडीखाली अगदी पातळ केलेला थेंब टोचला. पाहता पाहता तिथे लाल फुगवटा आला, करवंदाएवढा. सिस्टरांनी रांगेतल्यांना उद्या यायला सांगितले.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून साफ सांगितले. "दिलं नाही तर खिळा आहे. दिलं तर घोडा आहे. तुम्ही यातले आहात, तुम्हीच सांगा."

मी यातला आहे, हे मी थोड्या वेळापूर्वी केवढ्या ऐटीत सांगितले होते. मी गेनबांकडे पाहिले. ते म्हणाले, "साहेब, आपण घोड्याला इख कसं देतो? एकदम देतो का?"

डॉक्टर म्हणाले, "तेच करू या."

निंबाखाली बाज टाकली. मैना पलीकडे बुंध्याला बांधलेली होती. डॉक्टरांनी दुसऱ्या एका सिरिंजमध्ये दम परत आणणारे औषध भरून जवळ ठेवले. मग आमच्या बाटलीतले प्रतिविष इतके पातळ करून टोचले की त्यात घोडा नावालाच असेल. थांबायचे, नाडी पाहायची, छाती ऐकायची; मग आधीपेक्षा थोडे जास्त; पुन्हा थांबायचे. आम्ही घोड्याला थेंबाथेंबाने विष पचवायला शिकवतो. मला थेंबाथेंबाने घोडा पचवायला शिकवत होते.

पाचव्या की सहाव्या सुईनंतर ओठांना मुंग्या आल्यासारखे झाले. भास असेल असे मी मनाशी म्हणालो. मग घसा आवळला आणि शिट्टी वाजल्यासारखा श्वास येऊ लागला. अंगण दूर गेल्यासारखे दिसू लागले. डॉक्टरांनी दुसरी सिरिंज दिली. काळीज असे धावू लागले की मला वाटले आता ते थांबायचे ते धावता धावताच थांबणार. त्या वेळी मला काही मोठे आठवले नाही. मामी विचारेल, अजून किती राह्यलं, एवढेच आठवले.

नव्या घोड्याला पहिली सुई देताना गेनबा त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहतात. काही बोलत नाहीत, थोपटतही नाहीत, नुसता हात ठेवतात. आता तोच हात माझ्या मानेवर होता. जड, खरखरीत, हरभऱ्याच्या वासाचा. श्वास मोकळा होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "इथंच सोडायचं का?"

मी खिळ्याच्या भोकाचा विचार केला. म्हणालो, "दोन पायऱ्या मागं जाऊन पुन्हा चढू."

दिवेलागण झाली तेव्हा पूर्ण मात्रा अंगात गेली होती. डॉक्टरांनी सांगितले की सात-आठ दिवस पित्त, ताप, सांधेदुखी होईल, त्याला घाबरायचे नाही. जबडा धरला तर मात्र घाबरायचे, आणि लगेच यायचे. त्यांच्या घरून वरण-बट्टी आली. फी विचारली तर म्हणाले, तुमच्याच बाटल्यांवर माझा दवाखाना चालतो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला सोडले नाही. मामीसाठी वाचवलेला वेळ तिथेच संपला.

देऊळघाट

बुलढाण्यावरून वळून देऊळघाटला गेलो. इथली हवा थंड आणि पातळ. पुण्याची माणसे तिला गुलाबी म्हणतील, इथले लोक नुसते 'गार हाये' म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या घोडीच्या मालकांकडे त्या दिवशी शेतात रोडग्यांचे जेवण होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, पातळ वरण. पुण्यात पाहुण्याला मऊ वाढतात. इथे जे फोडायला हाताचा बुक्का लागतो तेच पाहुण्याच्या पानात आधी पडते.

मी पहिला घास घेतला आणि जबडा दुखला. दोन्ही बाजूंनी, कानाजवळ.

मी तोंड उघडून पाहिले. उघडत होते, पण ताण पडत होता. मान फिरवून पाहिली, तीही आखडली होती. समोर पंगत हसत होती, कोणी तरी जावयाची थट्टा करत होते. मी घाम पुसला. घोड्याच्या औषधाने सांधे धरतात हे मला माहीत होते आणि जबडा हाही सांधाच आहे, हेही माहीत होते. तरी त्या वेळी मला एकही गोष्ट माहीत नव्हती.

मी गेनबांना सांगितले. ते उठून माझ्या मागे गेले. मला वाटले पाणी आणायला गेले. तेवढ्यात माझ्या कानाशी त्यांनी दोन्ही हातांनी फाडकन टाळी वाजवली.

मी वळून त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि ते अस्सल वऱ्हाडीत होते. पंगत खदखदून हसली. मालक म्हणाले, "आता समजलं, हे आपलेच हायेत बे."

गेनबा शांतपणे आपल्या जागी बसले. "धनुर्वात झालेल्या घोड्यापाशी टाळी वाजवली का त्यो लाकडावानी ताठ होऊन आडवा पडतो," ते म्हणाले. "तुमी शिव्या दिल्या. जेवा आता."

मी जेवलो. दुखत होते तरी अर्धा रोडगा खाल्ला. त्या संध्याकाळी अंगावर पित्त उठले आणि मला त्याचा फार आनंद झाला. पित्ताचा आनंद झालेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

घाट आणि मलकापूर

दोन घोड्या घेऊन आम्ही राजूरचा घाट उतरलो. पाय टेकवत नव्हता, ताप होता, म्हणून गेनबांनी मला मैनावर बसवले. घोड्यांच्या रक्तावर पोट भरणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसत होतो. उतारावर मी पुढे घसरायचो, शिंकायचो, मैना कान हलवायची. गेनबा म्हणाले, "तिला सवय होतीया तुमची. थेंबाथेंबानं." वरची गार हवा वळणावळणाला मागे राहिली आणि खाली पूर्णेचे रान दिसू लागले, काळे, सपाट, पांढऱ्या कपाशीच्या ठिपक्यांचे. साखरखेर्ड्याच्या बाईंचा प्रश्न मला सारखा आठवत होता. हिला काय मिळते? चिखलीच्या निंबाखाली माझ्या अंगात जे गेले ते कुठल्यातरी मैनाचेच होते. कुठल्या गावची, कोणी खुरावर पाणी घालून पाठवलेली, ते मला कधी कळणार नाही.

रोज सकाळी मी भाकरीचा कडक तुकडा मागून घेत होतो. मलकापूरला खाणावळीत पोळी वाढायला लागले तेव्हा मी भाकरी मागितली, वाढप्याला ते अपमानाचे वाटले.

डबा लागलेलाच होता. मैना फळीवर पाय ठेवीना. मी पुढे झालो, वऱ्हाडीत बोललो आणि सदऱ्याची बाही वर करून तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळाने ती चढली.

पलीकडच्या फलाटावर शेगावकडे जाणारी गाडी उभी होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. तिच्या पायथ्याशी मामीचे घर. गाडी सुटेपर्यंत मी तिकडे पाहत होतो. मग आमचा डबा उलट दिशेने निघाला.

हे लिहितो आहे तोवर खिळ्याचे भोक बुजले आहे आणि भीतीचे दिवसही उलटून गेले आहेत. लसीची पुढची मात्रा मी घेतली. मैनाला पहिली सुई काल दिली, अगदी थोडी. मानेवर हात गेनबांचा नव्हता, माझा होता. तिने कान मागे टाकले नाहीत. परतल्याबरोबर मामीला जे पत्र पाठवले ते खाली देतो. शेजारचे मास्तर तिला वाचून दाखवतात, सारी गल्ली ऐकते, म्हणून त्यात सगळे लिहिलेले नाही.

*

प्रिय मामीस,

साष्टांग दंडवत. मी खुशाल आहे. आपल्या जिल्ह्यात येऊन गेलो पण घरी येऊ शकलो नाही, याचा राग धरू नको. सोबत दोन घोड्या होत्या आणि त्यांची गाडी चुकवता येत नव्हती. होळीला येतो.

पायाला जरा लागले होते म्हणून चिखलीला सुई घ्यावी लागली. तू सांगितले होते तसा घोडा दाखवला. डॉक्टरांनी नीट पाहिला. ते म्हणाले, ज्यांनी हा काढून घेतला त्यांना माझा नमस्कार सांगा. तो नमस्कार या पत्रात पाठवत आहे. तू मला कितीदा सांगितले, मी कितीदा हसलो. ज्या गोंदणारणीने काढला ती पुन्हा दारावर आली तर तिला चहा पाज. तिचा घोडा शेळीसारखा असला तरी डॉक्टरांनी ओळखला.

मी आता बाही वर करून हिंडतो.

इकडे एक घोडी आणली आहे, मैना तिचे नाव. तुझ्यासारखीच आहे, परक्याला जवळ येऊ देत नाही. तिची काळजी मी घेतो.

माझी काळजी करू नको. ताप गेला, पाय बरा आहे. रोज भाकर खातो, दोन्हीकडून चावून.

तुझा
बाळू